वऱ्हाडाच्या खोल्या कोणी सोडल्या?

१

लग्न तोंडावर आलं की मुलीच्या बापाला स्वस्थ बसवत नाही. वऱ्हाडासाठी घेतलेल्या खोल्यांच्या गाद्या दाबून बघाव्यात, नळाला गरम पाणी येतं का पाहावं, एवढ्याच हेतूने चिंधा बोरसे मुलाला घेऊन हॉटेल राजसीत गेले. मॅनेजर मगनभाईंनी हात जोडले आणि विचारलं, "कोणत्या खोल्या, काका? त्या तर तुम्हीच सोडल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे बापलेक उधन्याला ॲडव्होकेट सुवर्णा गावंडे यांच्यासमोर बसले होते. सुवर्णाबाई मूळच्या अकोल्याच्या, पण वकिली सगळी सुरतेत झालेली. समोरच्याचं वाक्य त्या सहसा पुरं होऊ देत नसत. ते कसं संपणार हे आपल्याला आधीच कळतं असा त्यांचा समज होता, आणि पंचाईत अशी की तो बहुतेक वेळा खरा निघे.

"नाव?" त्यांनी मुलाकडे पाहत विचारलं.

"लक्ष्मण," उत्तर चिंधाबाबांनी दिलं. एवढ्या काळजीतही त्यांचा चेहरा उजळला. "माझ्या बापाचं नाव ठेवलंय याला. बाप गेला आणि वर्षाच्या आत हा झाला. म्हटलं, म्हातारा परत आला."

लक्ष्मण हजीऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने कराराची प्रत टेबलावर ठेवली. लोक पेपरातलं राशिभविष्य वाचतात त्या आवडीने सुवर्णाबाई करार वाचत. हा करार सरळ होता. हॉटेलाचे दोन मजले लग्नासाठी राखून ठेवले होते. खोल्या सोडायच्या तर दोघांपैकी एकानेच कळवायचं, सही करणाऱ्या लक्ष्मणने किंवा खाली नाव असलेल्या त्याच्या बायकोने, नूतनने. दिलेल्या नंबरावरून फोन केला तरी चालेल. तिसऱ्या कोणी सोडल्या तर त्या सुटल्या असं धरायचं नाही.

"आणि फोन आला दिलेल्याच नंबरावरून," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"हो. लग्नासाठी एक साधा मोबाईल घेतलाय, तो घरीच असतो. ज्याला लागेल तो वापरतो. फोन दुपारी आला. मी ड्युटीवर होतो, बाबा कारखान्यात."

"म्हणजे घरातल्या बाईने केला."

लक्ष्मणने खाली पाहिलं. "बाईने नाही, मॅडम. माझ्या बायकोने केला. तिला मी काल रात्रीच सचिन गावी तिच्या भावाकडे पोचवलंय. लग्न उरकलं की कायमची तिकडेच."

२

"असं बघा," सुवर्णाबाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं ठरलं तर हॉटेलवाला जिंकला. नूतनने सोडलेल्या खोल्या कायद्याने सुटल्या. सीझनच्या दिवसांत आख्ख्या सुरतेत एवढ्या खोल्या तुम्हाला मिळायच्या नाहीत. वऱ्हाडही जाईल आणि बायकोही जाईल. इतकी घाई कशाची झाली होती?"

लक्ष्मणकडे कारण तयार होतं. नूतनचा हॉटेलला पहिल्यापासून विरोध होता. एवढा दिखावा कशाला, यावरून दोघांचं भांडण झालं होतं, आणि "एक दिवस मीच रद्द करून टाकीन," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. पण खरा पुरावा हॉटेलात होता. तो ऐकायला सुवर्णाबाई तडक हॉटेल राजसीत गेल्या.

काउंटरवर जिग्ना नावाची मुलगी होती. फोन तिनेच घेतला होता.

"मागे मशीनचा इतका खडखडाट होता, बेन, की आवाज ओळखूच येईना," जिग्ना म्हणाली. "बाई बोलली, शादी के कमरे कॅन्सल करो. मी विचारलं, किसके नाम पे हैं? तर नाव घेईना! नवागाम वाले के, बोलली. मी म्हटलं, नाम बोलो ना बेन. तर म्हणे, तुम्हारे पास लिखा होगा, पढो ना. शेवटी मीच वाचलं, लक्ष्मणभाई बोरसे? तेव्हा म्हणाली, हां, वही, वही."

मगनभाई काउंटरवर टेकून ऐकत होते. ते हसले. "मराठी लोकांत बायको धण्याचं नाव घेत नाही, हे तो मला पण खबर आहे. बीजुं, दुसरं कोण असणार? मी लक्ष्मणभाईला तेच सांगितलं. जुओ बेन, आमची काही भूल नाही. त्याच सांजे एक मोठी पार्टी आली, आम्ही रूम देऊन टाकल्या."

"पार्टी आधीपासून घिरट्या घालत असेल," सुवर्णाबाई म्हणाल्या. मगनभाईंना एकदम फाइल आठवली आणि ते आत गेले.

"करार झाला तेव्हाही तूच होतीस?" सुवर्णाबाईंनी जिग्नाला विचारलं.

"हो ने. नूतनबेन किती पटपट बोलते! मिस्टर खाली गाडी लावत होते, ते वर येईपर्यंत नाव, सरनेम, नंबर, सगळं तिने सांगून टाकलं. मी फक्त टाइप केलं."

सुवर्णाबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. काहीतरी खटकलं होतं. काय ते हाती लागेना, आणि एवढ्यावरून कोणाला दोषी म्हणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी रिक्षा थांबवली आणि बोरशांची वस्ती, नवागाम, सांगितली.

३

खोल्या गेल्याचं घरातल्या बायकांना चिंधाबाबांनी कळू दिलं नव्हतं. लग्नघरात रडारड नको, म्हणून. नूतनचा भाऊ आजारी आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे सुवर्णाबाई लक्ष्मणच्या ओळखीतल्या म्हणून घरात शिरल्या. नूतनने फोन केला नसेल, तर घरात आता एक बाई अशी होती जिला खोल्यांचं माहीत होतं आणि जी ते दाखवत नव्हती. सुवर्णाबाईंना अशा वेळी चांगली भूक लागे.

गल्लीत शेजारीच लूमचा कारखाना होता. त्याच्या आवाजात घरातली माणसं जन्मापासून मोठ्याने बोलायला शिकलेली. सगळ्यांत मोठा आवाज मंदाआत्याचा. मंदा म्हणजे चिंधाबाबांची सख्खी बहीण, लग्नासाठी पंधरवडाभर आधीच येऊन बसलेली.

"आमच्या लक्ष्मण्याला कोणी सांगावं!" ती पापड तळता तळता म्हणाली. "म्हणे हॉटेल पाहिजे. अहो, माझ्या लग्नात याच गल्लीत घराघरात वऱ्हाड उतरलं होतं. कोणी गादी दिली, कोणी पंखा दिला. माझ्या पुतण्याला केली असती ही पोरगी, तर हे नखरे नसते झाले. पण माझं ऐकतंय कोण?"

"नखरे कोणाचे?"

"व्याहीणबाईंचे, आणखी कोणाचे! धुळ्याहून आल्या साखरपुड्याला, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीतच बसून राहिल्या. उतरल्याच नाहीत. गटाराचा वास येतो म्हणे. साखरपुडा हॉलमध्ये झाला म्हणून बरं. आमचं वऱ्हाड या वस्तीत राहणार नाही, हॉटेल बघा, असं काचेतून सांगून गेल्या."

नवरी मुलगी रुपाली मेंदीचे हात वर धरून कोपऱ्यात बसली होती. तिचे डोळे लाल होते. "आत्या, पुरे ना," ती म्हणाली. "लक्ष्मणदादाने सगळं नीट केलंय. खोल्या चांगल्या आहेत. संदीपलाही आवडतील." संदीप म्हणजे नवरा मुलगा. त्याचं नाव तिने घेतलं आणि लाजली.

नवरीच्या आईने, कलाबाईंनी, चहा आणला. बाई हाडापेराने बारीक, पण घर तिच्या एका नजरेवर चालतंय हे कळत होतं. "ल्या ताई. आमना भाऊनी वळखना तुम्ही, म्हंजे घरनाच," त्या अहिराणीत म्हणाल्या. मग पाहुणीला समजावं म्हणून मराठीत आल्या. "भाऊ रात्रंदिवस पळतोय बहिणीच्या लग्नासाठी. आणि त्यात नूतनचा भाऊ बिमार पडला. लग्नघर, आनि सून नही. मना उजवा हातच गया."

"सुनेशी पटतं वाटतं तुमचं?"

"तिन्हाशी नही पटणार ते कोनशी पटी?" कलाबाई म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसून आत वळल्या. बोलणं मनापासूनचं होतं. तेवढं ओळखायला वकिली लागत नाही.

सुवर्णाबाई चार पापड खाऊन निघाल्या. तिघींपैकी एकीने त्यांना घरात बसल्या बसल्या उत्तर देऊन टाकलं होतं. पण ते त्यांच्या ध्यानात आलं सचिनला पोचल्यावर.

४

नूतन भावाच्या घरी खुर्चीत ताठ बसली होती. ती कापड मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब बघायची. रडून झालं होतं, आता राग राहिला होता, आणि राग तिला शोभत होता.

"तुम्ही लक्ष्मणकडून आलात ना? मग लक्ष्मणला सांगा, फोन मी केला नाही. मी त्या दिवशी दुपारी बांगड्यावालीकडे होते. पण ते शोधत बसायची मला गरज नाही. त्याने मला एकदा तरी विचारायचं होतं, नूतन, तू केलास का? विचारलं नाही. बॅग भर म्हणाला. सहा वर्षं मी त्या घरात राबले, आणि हॉटेलवाल्याच्या एका वाक्यावर बॅग भर!"

सुवर्णाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तुम्ही नवऱ्याचं नाव घेता?"

"म्हणजे काय? बाहेर घ्यावंच लागतं. बँकेत, दुकानात, हॉटेलात."

"आणि घरात?"

नूतन जरा ओशाळली. "घरात नाही. तिथे अहोच. सासूबाईंपुढे कसं घेणार? घरात कोणी माझ्या तोंडून ऐकलेलं नाही."

"म्हणून तर घरच्यांना खरं वाटलं." सुवर्णाबाई समाधानाने मागे टेकल्या. "हॉटेलवर तुम्ही नाव सांगितलंत तेव्हा नवरा खाली गाडी लावत होता. त्यामुळे तेही त्याने ऐकलं नाही. आता मला सांगा, तुम्हाला खोल्या चोरून रद्द करायच्या असत्या, तर फोन कधी केला असता?"

"घरात जवळ कोणी नसताना."

"आणि जवळ कोणी नसताना नाव घ्यायला लाजला असतात कोणाला? जिग्नाला? तिला तर ते तुम्हीच आधी सांगितलेलं."

"हो, मीच सांगितलं होतं," नूतन म्हणाली.

"चारचौघांत नाव न घेणारी बाई वेगळी," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आणि एकटी असतानाही जिच्या तोंडातून ते नाव निघत नाही ती वेगळी. रुपालीने मघाशी लक्ष्मणदादा म्हटलं. मंदाआत्या तर लक्ष्मण्या म्हणून बोंबलते. राहिलं कोण?"

"नाही, मॅडम." नूतन उभीच राहिली. "तसं नाही. आई आहेत त्या त्याच्या. आई का नाव घेणार नाही?"

"काय हाक मारतात त्या त्याला?"

"भाऊ."

"रागावल्या तर?"

"तेव्हाही भाऊच," नूतन म्हणाली आणि खुर्चीत परत बसली.

५

त्याच संध्याकाळी मगनभाईंच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. चिंधाबाबा, लक्ष्मण, जिग्ना, आणि कशाला बोलावलंय याची कल्पना नसलेल्या कलाबाई. नूतनला सुवर्णाबाईंनी मुद्दाम आणलं नव्हतं.

"खोल्या नूतनने सोडलेल्या नाहीत," त्यांनी सुरुवातच तिथून केली. "दुसऱ्या कोणी सोडल्या. म्हणजे कराराप्रमाणे त्या सुटल्याच नाहीत."

"साबित करो, बेन," मगनभाई म्हणाले.

"करते. कलाबाई, एक साधा प्रश्न. तुमच्या या मुलाचं नाव काय?"

सगळ्यांना वाटलं, वकीलबाईंचं डोकं फिरलं. कलाबाईंनी पदर पुढे ओढला. "हाऊ मना भाऊ," त्या म्हणाल्या.

"भाऊ नाही. नाव."

"मोठा पोरगा मना."

"ते कळलं. शाळेत घातलं तेव्हा काय लिहिलं?"

कलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "त्यासनीच लिखं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

जिग्नाने तोंडावर हात ठेवला. आवाज तिने खडखडाटात ऐकला होता, पण ही टाळाटाळ तिने शब्दन्‌शब्द ओळखली.

लक्ष्मण आईकडे वळला. "आई," तो म्हणाला, "तू मला आयुष्यात एकदाही नावाने हाक मारली नाहीस?"

"कशी मारतील?" सुवर्णाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव ते त्यांच्या सासऱ्यांचं नाव. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग ते पोटच्या पोराला ठेवलं तरी नाही. चिंधाबाबा, तुम्ही हौसेने बापाचं नाव मुलाला दिलंत, आणि त्या दिवसापासून या माउलीच्या तोंडचं मुलाचं नाव काढून घेतलंत. आई मुलाला भाऊ म्हणते यात कोणाला काय वेगळं वाटणार? मगनभाईंना नाव न घेणारी बाई म्हटल्यावर फक्त बायको आठवली. तुम्हालाही तेवढीच आठवली. नाव न घेणाऱ्या दुसऱ्या बाईच्या हातचं तुम्ही रोज जेवता."

चिंधाबाबांचा चेहरा पडला. "कला, तू? तू केलास फोन?"

कलाबाईंनी हट्टाने मान दुसरीकडे फिरवली. मग सुवर्णाबाईंनी राखून ठेवलेलं वाक्य टाकलं. "याच फोनसाठी नूतनला घराबाहेर काढलंय. तिचा भाऊ ठणठणीत आहे. लग्न झालं की तिला कायमची तिकडेच ठेवणार आहेत."

कलाबाई उठल्याच. "काय? नूतनले?" त्या लक्ष्मणकडे वळल्या. "तू तिले घरमाईन काढं? मले कोनी सांगं नही! फोन मी करा. मी करा! तिन्ही काहीच करेल नही!"

"पण का?" लक्ष्मण ओरडला.

"का?" आता कलाबाईंचा आवाज लूमच्या वर चढणारा झाला. "ती बाई आमनी गल्लीमा गाडीमाईन उतरनी नही. जिले मना दारमा पाय ठेवाना नही, तिले मनी पोर कशी चालस? उद्या म्हणेल, तुझ्या अंगालाही गटाराचा वास येतो. मला बघायचं होतं. खोल्या नसल्या तर ती आमच्या दारात येते का वऱ्हाड घेऊन परत जाते. परत जाणारी असेल तर आत्ताच जाऊ दे. मग पोर तिथे रडत बसण्यापेक्षा!"

चिंधाबाबांना बायकोचा राग यायला हवा होता. पण त्यांना आठवली ती गाडीची वर गेलेली काच, आणि बाहेर उन्हात हात जोडून उभे असलेले ते स्वतः. त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

६

मगनभाई व्यवहारी माणूस. समोर वकील आहे आणि करार आपल्या बाजूने राहिलेला नाही, हे कळायला त्यांना चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही. दुसरी पार्टी त्यांनी आपल्या भावाच्या हॉटेलात वळवली आणि दोन्ही मजले पुन्हा बोरशांच्या नावावर लावून दिले.

पण कलाबाईंचा प्रश्न करारात बसणारा नव्हता. तो रुपालीने सोडवला. घरी सगळं ऐकल्यावर तिने मेंदीचे हात वर धरूनच संदीपला फोन लावून द्यायला सांगितलं, आणि तोही स्पीकरवर.

"संदीप, हॉटेलात खोल्या आहेत. पण वऱ्हाड आधी आमच्या दारात उतरेल. चहा घेईल, मग हॉटेलात जाईल. तुमच्या आईंना हे चालणार नसेल तर आत्ता सांग. मी हळद लावून घ्यायची थांबते."

तिकडे कुजबुज ऐकू आली. मग फोन संदीपच्या आईने घेतला. लूमचा खडखडाट इकडून तिकडे ऐकू जात असणार.

"चुकलं माझं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "संदीप महिनाभर माझ्याशी धड बोलत नाहीये. येते मी दारात. फक्त चहात साखर घालू नका, मला डायबेटिस आहे."

रुपाली रडली, पण ते वेगळं रडणं होतं. कलाबाईंनी मात्र ते पाहिलं नाही. त्या तोवर चपला घालून निघाल्या होत्या. लक्ष्मण मागोमाग निघाला, आणि शेवट बघितल्याशिवाय सुवर्णाबाई कुठली केस सोडत नसत, म्हणून त्याही.

सचिनला नूतनच्या भावाच्या दारात शेजारीपाजारी जमले होते. जमणारच. लक्ष्मण उंबऱ्याबाहेर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने रिक्षात घोकलं होतं, आणि ते सगळं तो विसरला.

"नूतन, माझं चुकलं," तो एवढंच म्हणाला. "मी विचारायला पाहिजे होतं."

"मग आता विचारा."

"काय?"

"ते मीच सांगायचं?"

लक्ष्मणने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं. "घरी येशील का?"

"विचार करून सांगते," नूतन म्हणाली आणि दार लोटून आत गेली.

लक्ष्मणने वकीलबाईंकडे पाहिलं. सुवर्णाबाईंनी खांदे उडवले. हे त्यांच्या अखत्यारीतलं नव्हतं. कलाबाई पायरीवर बसल्या. नूतनच्या भावजयीने खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. रस्त्यावरचे दिवे लागले, कारखान्यांची पाळी सुटली, माणसं सायकलींवरून बघत बघत पुढे गेली. लक्ष्मण उभाच होता.

दार उघडलं. नूतनने पायरीवर बसलेली सासू पाहिली आणि तिचा राग तिथेच ढासळला.

"तुम्ही कशाला बसलात इथे?"

"मन्हामुळे तू गयी," कलाबाई म्हणाल्या. "तुले लेवाशिवाय मी कशी जाऊ?"

नूतनने त्यांना हाताला धरून उठवलं. मग नवऱ्याकडे वळून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी यांच्यासाठी येते. तुमचं काय करायचं ते लग्न झाल्यावर बघू."

रिक्षात सासूसुना मागे बसल्या आणि लक्ष्मण निमूटपणे पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धा आत, अर्धा बाहेर. नवागाम येईपर्यंत कलाबाईंनी सुनेचा हात सोडला नाही.